चारमिनारला मिनार किती

कोठीच्या खोलीत मी गूळ फोडत होते, म्हणून मला आवाज ऐकू आले. गूळ फोडायचं थांबवलं, म्हणून सगळं ऐकू आलं.

पलीकडे स्वयंपाकघरात माझ्या दोन जावा भांडत होत्या. थोरली नीलाबाई, तिला आम्ही आक्का म्हणतो, आणि धाकटी शिवकांता. मी मधली. एक्क्याऐंशी सालची गोष्ट. नांदेडच्या आमच्या घरी त्या दिवशी जंगमस्वामी आक्काच्या लेकराला लिंग बांधणार होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यामुळं दोघी दबक्या आवाजात भांडत होत्या. दबक्या आवाजातलं भांडण जास्त लागतं.

"कुठं दाखवलं, आक्का?" शिवकांता म्हणत होती. "चाळीस दिवस तुमच्या मोरीत लंगोट धुतले मी. दाराबाहेर पाय ठेवू दिला का?"

"घरात सुवेर होतं. सुवेराच्या घरची बाई गावभर फिरवू?"

"आपल्यात सुवेर असतंय का? गळ्यात लिंग हाय की. आपल्याला जन्माचं सुवेर न्हाई, मेल्याचं सुतक न्हाई. हे तर लेकरांना बी ठावं हाय."

"गळ्यात हाय तुझ्या. डोक्यात काय हाय? राजधानीत ऱ्हायचं म्हणजे शेजारपाजार बघावा लागतो."

"मग बाहेर सगळ्या बायांसमोर खोटं कामून बोलला?"

"मग काय सांगू? कामाला नेली होती म्हणू?"

एक भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. मी पुन्हा गूळ फोडायला लागले.

झालं होतं असं. आक्काचे मालक, म्हणजे आमचे मोठे भावजी, रेल्वेत कारकून. बदली हैदराबादला, काचीगुड्यात. आमच्या नांदेड-लातुराकडची जुनी माणसं हैदराबादलाच राजधानी म्हणायची. मुंबई सरकारची राजधानी असेल, पण निजामाचं राज्य बघितलेल्या सासऱ्यांची राजधानी हीच. तर आक्काचं बाळंतपण करायला एक बाई पाहिजे म्हणून सासूबाईंनी शिवकांताला पाठवलं. लग्न होऊन सहा महिने झालेले, वय एकोणीस. सासूबाई म्हणाल्या, "जा, राजधानी बघून होईल." त्या एका वाक्यावर ती पोरगी नाचत गेली. पहाटेच्या अंधारात काचीगुड्याला उतरली, चाळीस दिवस राबली आणि पहाटेच्या अंधारातच परतीच्या गाडीत बसली. मधल्या दिवसांत तिला राजधानीची दिसली ती समोरच्या घराची भिंत.

आणि त्या दिवशी पाहुण्या बायांनी विचारलं, काय काय बघितलंस गं? ती बिचारी काय सांगावं म्हणून थांबली, तर आक्का मधेच म्हणाली, "सगळं दाखवलं हिला. पण उपयोग काय? विचारा, चारमिनारला मिनार किती, तर सांगता यायचं न्हाई."

बाया हसल्या. शिवकांता गप्प बसली. नाव घेतलं तरी कळतं, चारच असणार. पण न बघितलेल्याचं उत्तर देऊन ती आक्काच्या खोट्याला खरं करायला तयार नव्हती. तिचं गप्प बसणं लोकांना अडाणीपण वाटलं.

तिथून ते तिच्या मागं लागलं. घरात कुणी चुकलं, की दुसरं म्हणणार, चारमिनारला मिनार किती. लग्नात, हळदीत, पंगतीत. पुतणे मोठे झाले, त्यांची लेकरं झाली, त्यांनाही कुणीतरी शिकवलं. चार वर्षांचं पोर येऊन विचारायचं, "शिवाआज्जी, चारमिनालला मिनाल किती?" आणि सगळं घर हसायचं. एकदा मीही हसले. तिनं ते बघितलं. मी काही कोठीतलं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आक्काशी वाकडं आलं असतं, आणि दिवाळीला रेल्वेच्या पासावर साड्या घेऊन येणारी तीच एक होती.

शिवकांता मूळची उदगीरची. चौबाऱ्याजवळ तिच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं, तासावर भाड्यानं द्यायचे. पंक्चर काढलेली, चेन बसवलेली सायकल गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी एक चक्कर मारून बघायची असते. ते काम हिचं. मागच्या बोळातून, परकर खोचून. लग्नानंतर तिनं सायकलला हात लावला नाही. नांदेडात आमच्या घराण्याची सून सायकलवर बसली असती, तर सासऱ्यांनी मठात तक्रार नेली असती.

दिवस गेले. सासूसासरे गेले, मोठे भावजी गेले, शिवकांताचा नवराही गेला. दोन हजार बावीसमध्ये तिचा मुलगा वीरेश म्हणाला, आई, नांदेडात एकटी कशाला राहतेस, चल माझ्याकडं. वीरेशची नोकरी हैदराबादला, घर नारायणगुड्यात. ऐकल्यावर ती माझ्याकडं बघून अशी हसली की मला सासूबाईंची दुधावर टपून बसणारी मांजर आठवली.

"रत्नाक्का," ती म्हणाली, "आता बघते."

मला वाटलं, राजधानी बघते म्हणाली.

वीरेशची मुलगी अक्षरा शिकायला पुण्याला गेलेली. तिची लेडीज सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. पुढं टोपली असलेली, गुलाबी. शिवकांतानं चेनला तेल घातलं, हवा भरून घेतली आणि एका पहाटे, वयाच्या साठाव्या वर्षी, लुगड्याचा काष्टा मारून निघाली.

पावणेसहाला माझा फोन वाजला. एवढ्या सकाळी फोन म्हणजे कुणीतरी गेलं असं वाटून चष्मा न लावताच उचलला.

"चार," ती म्हणाली.

"काय चार?"

"मिनार. सायकलवर चौफेर चक्कर मारून मोजले. दोनदा."

मागं कबुतरं घुमत होती. मग तीच सांगू लागली. दुकानं सगळी बंद, झाडूवाल्या बाया रस्ता झाडत होत्या. एक म्हातारा कबुतरांना जोंधळे टाकत होता. त्यानं हिला विचारलं, "क्या गिन रे अम्मा?" ही म्हणाली, "इकतालीस साल से गिनना बाकी था, भाई." म्हातारा हसला आणि मूठभर जोंधळे तिच्या हातावर ठेवले, टाका म्हणाला.

घरी येऊन तिनं चिंचेतून चाळीस चिंचोके निवडले आणि एका डबीत भरून ठेवले. त्याचं कारण मला महिन्यानं कळलं.

आक्का काचीगुड्यातच होती, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेलेले, जिना उतरता येत नव्हता. मुलगा-सून नोकरीला. दिवसभर खिडकीत. शिवकांताला नारायणगुड्याहून तिथं सायकलवर दहा मिनिटं लागायची. पण जायचं कोणत्या निमित्तानं? भांडणानंतर दोघी कामापुरतं बोलत होत्या.

निमित्त बेलाचं निघालं. आमच्यात सोमवारी लिंगाला बेल पाहिजेच, आणि बेल घेऊन दारी आलेल्या माणसाला परत पाठवता येत नाही. तो वैरी असला तरी. शिवकांतानं फिरता फिरता एका बोळात, पडक्या कंपाउंडाच्या आत, बेलाचं झाड हेरलं. मालकीण तेलंगी म्हातारी होती. उदगीरची म्हणून हिला कानडी येतं, तेलुगू थोडं समजतं. दोन सोमवारांत म्हातारीची आणि हिची गट्टी जमली. तिसऱ्या सोमवारी टोपलीत बेल घेऊन शिवकांता आक्काच्या दारात उभी.

आक्कानं बेल घेतला. घ्यावाच लागला. बस म्हणाली, तेही म्हणावंच लागलं. शिवकांता बसली आणि डबीतून एक चिंचोका काढून आक्काच्या तळहातावर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या घरी मी चाळीस दिवस होते, आक्का. दिवसाला एक ठिकाण दाखवलं असतं, तर चाळीस झाली असती. तुम्ही दाखवलं न्हाई, आता मी तुम्हाला दाखवते. दर सोमवारी एक. हे चारमिनार."

मग चारमिनारचं सगळं सांगितलं. जोंधळेवाला म्हातारा, त्याचे फाटके मोजे, ऊन वर चढताना दगड कोणत्या रंगाचा होतो, सगळं. सांगून झाल्यावर चहा पिऊन निघून आली. मला फोनवर म्हणाली, "तोंड बघायचं होतं तुम्ही आक्काचं. गिळता बी येईना आणि थुंकता बी येईना."

मी म्हणाले, "अगं, म्हातारी झाली ती. सोड आता."

"मी बी म्हातारी झालेय. मला कुणी सोडलं का? परवाच्या लग्नात बी विचारलं त्या पोरानं, मिनार किती."

त्या लग्नात मी होते.

तेव्हापासून दर सोमवारी चालू झालं. आठवड्यातले बाकीचे दिवस ती पहाटे सायकल घेऊन ठिकाणं शोधायची. सुरुवातीला सगळं सुडापोटी. पण सुडापोटी फिरणारं माणूस जास्त नीट बघतं, हे मला तिच्याकडं बघून कळलं. बसमधून गेलेल्याला चारमिनार दिसतो. हिला त्याच्या मागच्या बोळात लाखेच्या बांगड्या करणारी बाई दिसली. निखाऱ्यावर लाख मऊ करायची, लांबवायची, हाताला चटका बसला की कानाची पाळी धरायची. हिला मोठ्या बाजारात अर्धापूरच्या केळीचा ट्रक दिसला. ड्रायव्हरानं गाववाली म्हणून दोन केळी दिली आणि विचारलं, "मावशी, ह्या वयात सायकलवर काय करून राहिल्या?" ही म्हणाली, "जावेचा जीव घेऊन राहिले."

एका इराणी हॉटेलात तिची जागा ठरली. कमी साखरेचा चहा, एक उस्मानिया बिस्किट. सायकल गल्ल्यावरच्या माणसाच्या नजरेसमोर. एकदा मला म्हणाली, "ह्या गावात घड्याळाचे मनोरे लई. एकाचा वेळ दुसऱ्याशी जुळत न्हाई. जावाजावांनी बांधले असतील." गोवळकोंड्याकडं एक झाड आहे, त्याला हत्तीचं झाड म्हणतात. बुंधा एवढा की पोटात पोकळी. त्याच्यासाठी ती सायकल मारत इतक्या लांब गेली, की वीरेशनं घरात थयथयाट केला.

"आई, पाय मोडला म्हणजे?"

"मोडला तर तुझ्या मोठ्या काकूसारखी खिडकीत बसेन. तिला सोबत होईल."

सातव्या-आठव्या सोमवारची गोष्ट. शिवकांता मक्का मशिदीचं सांगत होती, आणि मधेच आक्कानं विचारलं, "चारमिनारच्या वर चढता येतंय का गं?"

शिवकांता बोलता बोलता थांबली. चाळीस-बेचाळीस वर्षं राजधानीत राहिलेली बाई हे विचारते?

"तुम्ही चढला न्हाई का?"

"गुडघे..." आक्का म्हणाली.

"गुडघे आत्ता गेले. तवा काय झालं होतं?"

आक्का खिडकीबाहेर बघू लागली. भाजीबाजार, देऊळ, मठ आणि स्टेशन, एवढीच तिची राजधानी. भावजींना रविवारी झोपायचं असायचं. एकटीनं जायचं तर भाषा येत नव्हती, रस्ता माहीत नव्हता, आणि नांदेडकरांना सांगायला तर सगळं बघितलेलं पाहिजे. तिनं हे सगळं काही बोलून दाखवलं नाही. शिवकांताला ते बोलल्याशिवाय कळलं.

हे मला फोनवर सांगितलं तेव्हा माझे डोळे भरले. मी म्हणाले, "बघ, म्हणून तुला नेलं नसेल गं. तिला तरी कुठं ठावं होतं."

मला वाटलं, आता हिचा राग उतरेल. तर ती म्हणाली, "माझा राग दुप्पट झाला, रत्नाक्का. मग तसं सांगायचं होतं ना. लेकराला काखेत मारून दोघी गेलो असतो. चुकलो असतो, विचारत गेलो असतो. मी एकोणीस वर्षांची होते, ती पंचवीसची. काय मजा आली असती. आणि त्याच्याऐवजी तिनं मला येडी ठरवलं. ह्याचं काय करू मी?"



चिंचोके वाढत गेले. आक्का ते पितळी वाटीत ठेवायची. तिची सून मला फोनवर म्हणाली, "सासूबाई सोमवारी सहालाच अंघोळ करून बसतात. काकूंची सायकलची घंटी ऐकली की चहा टाकायला लावतात." सुनेला वाटत होतं की दोघी जावांचं म्हातारपणी सूत जमलं. मी तिला काही सांगितलं नाही. न सांगण्याची मला जुनी सवय.

असे एकोणचाळीस झाले. चाळिसाव्या सोमवारी शिवकांता बेल घेऊन गेली, चहा प्यायली आणि उठली.

"चाळिसावं?" आक्कानं विचारलं.

"आहे. लई भारी हाय. सगळ्यांत भारी."

"मग सांग की."

"आधी तुम्ही सांगायचं." शिवकांता म्हणाली. "पुढच्या महिन्यात रत्नाक्काच्या नातीचा, अंबिकाचा साखरपुडा हाय. सगळं घराणं जमंल. तुम्हाला यायला जमणार न्हाई, पण फोन तर करता येतो. सगळ्यांसमोर सांगा, एक्क्याऐंशी साली शिवकांताला मी काय दाखवलं. मग चाळिसावं."

"जा, मला नको तुझं चाळिसावं."

"बरं." असं म्हणून ही जिना उतरली.

पुढच्या सोमवारी शिवकांता गेली, बेल दिला, चहा प्यायली, एक शब्द बोलली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. आक्कानं दुपारी मला फोन केला. तब्येत विचारली, पाऊसपाणी विचारलं, मग हळूच, "ती तुला बोलली असेल की. कुठलं ठिकाण हाय?"

मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "मला कुठं सांगते ती." आणि खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. बेचाळीस वर्षं तशीच पडलेली गुळाची ढेप एका घावात फोडल्यासारखं बरं वाटलं.

साखरपुड्याच्या दिवशी घरात सत्तरएक माणूस. शिवकांता आदल्या दिवशीच आली होती, नवं इरकल नेसून ती खांबाला टेकून उभी. अंबिकाला कुंकू लावून झालं, आणि माझ्या मोबाइलवर आक्काचा फोन आला. पोरांनी स्पीकर लावला, थोरल्या आज्जीचे आशीर्वाद घ्यायचे म्हणून. आक्कानं आशीर्वाद दिले. मग थांबली. सगळ्यांना वाटलं फोन कट झाला.

"अजून एक सांगायचं होतं," आक्काचा आवाज आला. "शिवकांताला मी राजधानी दाखवली नव्हती. चाळीस दिवस राबवून घेतली. सुवेराचं खोटं नाव सांगून कोंडून ठेवली. आणि वर तिचंच हसं केलं."

कुणाला कळेना कुठं बघावं. ज्यांनी सगळ्यांत जास्त वेळा तो प्रश्न विचारला होता, ते चपला शोधायला लागले.

शिवकांता खांब सोडून पुढं आली, फोनजवळ वाकली.

"नीट ऐकू आलं न्हाई, आक्का. पुन्हा सांगा."

मी तिचा पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

आक्कानं पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, सगळं. शेवटी, कुणी विचारलं नव्हतं तरी, म्हणाली, "आणि चारमिनार तवा मी बी बघितला नव्हता. मिनार किती ते मला बी नावावरूनच ठावं होतं."

मग मीही बोलले. म्हणाले, "मी त्या दिवशी कोठीत होते. मला सगळं ठावं होतं." माझ्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. शिवकांतानं तेवढं वळून बघितलं. जेवताना माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी तिनं स्वतः वाढली, तूप मात्र वाढलं नाही.

दोन दिवसांनी मी तिच्याबरोबर हैदराबादला गेले. गाडी काचीगुड्याला लागली. लोक रिक्षासाठी पळत होते. ठाऊक असूनही सवयीनं मीही निघाले, तर तिनं माझा दंड धरला आणि मला रस्त्यावर उभं करून मागं वळवलं.

स्टेशन. वर घुमट, कमानी, एखाद्या नवाबाची हवेली असावी तसं. मी किती वेळा उतरले असेन इथं, कधी मागं वळून बघितलं नव्हतं. बॅग सांभाळायची, रिक्षा गाठायची.

"हे चाळिसावं," शिवकांता म्हणाली.

सोमवारी ती हे आक्काला सांगायला गेली, मी बरोबर. आक्का म्हणाली, "स्टेशन? स्टेशन तर आमच्या घरचंच. ह्यांनी तीस वर्षं नोकरी केली तिथं."

"मग सांगा, घुमट कसे हायत?"

आक्कानं तोंड उघडलं आणि मिटलं. शिवकांतानं शेवटचा चिंचोका वाटीत टाकला. रिकामी डबी कमरेला खोचली.

"माझ्या घरापासून पाच मिनिटं," आक्का म्हणाली. "तुला तेवढं तरी दाखवता आलं असतं."

"हाव," शिवकांता म्हणाली. "आलं असतं."

आम्ही उठलो. आक्कानं विचारलं, "आता पुढच्या सोमवारी?" शिवकांतानं ऐकलं नसल्यासारखं केलं. आठवडाभर मी तिला विचारलं, जाणार का गं? ती म्हणायची, चाळीस झाले, आता काय.

पुढच्या सोमवारी मी रिक्षात बसून तिच्या मागं गेले. तिच्या वेगानं रिक्षावाला हैराण झाला. तेलंगी म्हातारीकडून बेल घेतला, टोपलीत ठेवला, वर ओला फडका टाकला. आक्काच्या इमारतीखाली थांबून तिनं दोनदा घंटी वाजवली, पण वर गेली नाही. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला बांधलेली दुधाची बादली हळूहळू खाली आली. आक्काचा चेहरा खिडकीत. शिवकांतानं बादलीत बेल ठेवला, दोरी ओढून खूण केली आणि मान वर करून विचारलं,

"आक्का, चारमिनारला मिनार किती?"

"चार," वरून आवाज आला. "चार हायत, बाई."

शिवकांतानं पायडल मारलं. कोपऱ्यावर थांबून अर्धा लिटर दूध आणि कोथिंबिरीची जुडी घेतली, जुडी देठाकडून हुंगून बघितली, टोपलीत टाकली आणि घराकडं वळली.